शेजाऱ्याशी लोहा घेणं

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळचे अकरा. लोखंड एकशे चाळीस किलो, भाव तीस, रक्कम चार हजार दोनशे. हजर चौघे: मी, शेजारच्या अर्ध्या घरात राहणारा धाकटा भाऊ, माझी मुलगी आणि कबाडी. सामाईक फाटक उखडून अंगणात पडलं होतं. भावाला दोन्ही झडपा विकायच्या होत्या, मी एकच द्यायला तयार होतो. तासभर शिवीगाळ चालली होती.

मुलगी समुद्रातल्या जीवाणूंवर काम करते. गुरुवारी तिला गोव्याहून संशोधनाच्या जहाजावर चढायचं होतं. या जागेसाठी ती दोन वर्षं थांबली होती. भांडण थांबावं म्हणून तीच मध्ये बोलली.

"काका, भर समुद्रात लोखंड नसल्यासारखंच असतं. मग जीवाणू वाढ कमी करतात, लोखंड पकडणारा पदार्थ पाण्यात सोडतात. आणि शेजाऱ्याशी लोहा घेतात."

तिचं मराठी इथलं, झाशीचं. 'लोहा लेना' म्हणजे झुंजणं, हे भावालाही ठाऊक. पण फाटकावर पाय रोवून उभ्या माणसाला वेगळंच ऐकू आलं.

"शेजाऱ्याचा लोहा घेतात? म्हणजे मी चोर?"

"चोर पण असतात ना," ती विषयात रंगलेली. "स्वतः काही बनवत नाहीत, दुसऱ्याने पकडलेलं ओढून घेतात. कुणी फुटून मेला की त्याच्यातलंही लोखंड खातात."

कबाडी हसला. "बिटिया ने तो चाचाजी का पूरा हिसाब कर दिया."

भावाने फाटकाचा अडसर उचलला. वार माझ्यावर होता. मुलीने हात आडवा घातला. हाड मोडल्याचं मी ऐकलं. मग भावाला खाली पाडून तोंडावर चार ठोसे मारले. तिसऱ्यानंतर तो हात उचलत नव्हता. चौथा तरीही मारला.

"बाबा, लढतात म्हणाले होते मी," ती मनगट धरून सांगत होती. "नुसतं लढतात."

इलाइट चौराह्याजवळच्या हाडांच्या डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. ती तिथूनच डाव्या हाताने फोन करून जहाजावरची जागा सोडत होती, तेव्हा भाऊ सुजल्या तोंडाने आत आला.

बिल चार हजार सहाशे. दोन्ही झडपा कबाड्याला देऊन आलेले चार हजार दोनशे त्याने डॉक्टरांना दिले, वरचे चारशे मी.