दोर कोणी धरला

१९८३च्या पावसाळ्यात, धानाची रोवणी संपत आली असताना, आमच्या गावात पाटलाची एक म्हैस मेली आणि मी ती उघडून पाहिली. गाव मोहाडी तालुक्यात, आंधळगावच्या पलीकडे. मी तेव्हा तालुक्यातल्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. परदेशातल्या विद्यापीठात शिकून परत येऊन मला वर्षही झालं नव्हतं. वडील त्याच गावात, आमच्या वस्तीतल्या घरात राहत होते. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या शेजारी बसून जेवणं बंद केलं.

आमची वस्ती १९५६ नंतर बौद्ध झालेल्यांची. त्याआधी गावातलं मेलेलं ढोर ओढून ढोरफोडीवर नेणं आणि तिथे सोलणं हे वस्तीचं काम होतं. दीक्षा घेतल्यावर वस्तीने ते सोडलं. पहिला नकार द्यायला जे चौघे गेले त्यांत बाबा होते. तेव्हा मेलेला बैल आताच्या पाटलाच्या वडिलांचा होता. त्या वर्षी वस्तीतल्या कोणालाही रोवणीला बोलावलं गेलं नाही, कापणीलाही नाही. घरोघर विड्या वळणं सुरू झालं ते तेव्हापासून. मी लहान होतो. ओल्या पोत्यात गुंडाळलेली तेंदूची पानं आणि ती कापणारी मायची बोटं एवढंच मला स्वतःला आठवतं. बाकीचं ऐकलेलं आहे, पण एकाहून अधिक लोकांकडून.

त्यानंतर मेलेली ढोरं न्यायला तुमसरहून एका चामडेवाल्याची गाडी यायची. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की गाडी येत नसे. मग ढोर पडल्या जागी कुजायचं.

नागपूरला पशुवैद्यकाला प्रवेश मिळाला तेव्हा बाबांनी मला एकच प्रश्न विचारला होता.

"जित्या ढोराचा डॉक्टर का मेल्या?"

"जित्या," मी म्हणालो.

ते खरं होतं. कॉलेजात शवविच्छेदनाचा तास असे, पण सुरी चालवायला एक नोकर होता. आम्ही विद्यार्थी अर्धगोल करून उभे राहायचो, प्राध्यापक लांबून काठीने दाखवायचे आणि आम्ही लिहून घ्यायचो. तो नोकर कोणत्या समाजाचा, हे कोणी विचारत नसे. विचारायची गरज नव्हती.

१९८१मध्ये शिष्यवृत्तीवर मी इंग्लंडच्या उत्तरेकडल्या एका विद्यापीठात गेलो. तिथे पहिली सहामाही वर्गात झालीच नाही. पहिल्या दिवशी प्राध्यापकांनी प्रत्येकाला रबरी बूट दिले आणि गोठ्यात नेलं. त्यांचं म्हणणं असं की पुस्तकातून माहिती मिळते, शिकणं हातातून होतं. आधी करायचं, मग त्यावर विचार करायचा, मग पुन्हा करायचं. दर आठवड्याला अर्धं पान लिहून द्यावं लागे: काय केलं, करताना काय वाटलं, पुन्हा करायची वेळ आली तर काय वेगळं कराल. आम्ही शेण काढलं, धारा काढल्या, अडलेली वासरं ओढून बाहेर काढली. मेलेली जनावरं उघडली. त्या कामाला तिथे नोकर नव्हता.

माझ्या वाट्याला मेंढी आली. शेजारच्या टेबलावर तिथल्या एका मोठ्या जमीनदाराचा मुलगा होता, त्याच्यापुढेही मेंढी. प्राध्यापक स्वतः रबरी एप्रन घालून तिसऱ्या टेबलापाशी उभे होते. सुरी हातात घेतल्यावर मी थांबलो. मला किळस आली असं प्राध्यापकांना वाटलं आणि त्यांनी खिडकी उघडली. मग मी कापलं. नंतर सगळ्यांनी एकाच नळावर हात धुतले, एकाच किटलीतला चहा घेतला.

त्या आठवड्याच्या अर्ध्या पानावर मी यकृताचा रंग लिहिला आणि फुप्फुसांत सापडलेले कृमी लिहिले. प्राध्यापकांनी खाली शेरा मारला की तुम्ही काय केलं ते नेमकं लिहिता, काय वाटलं ते कधीच लिहीत नाही. पुढच्या आठवड्यातही मी ते लिहिलं नाही. लिहायचं तर १९५६च्या आधीपासून सुरुवात करावी लागली असती, आणि पान अर्धंच होतं.

हिवाळ्यात आम्हाला एकेका शेतकऱ्याकडे राहायला पाठवलं. माझ्या शेतकऱ्याची दुभती गाय एका सकाळी गोठ्यात मेलेली सापडली. त्याने ट्रॅक्टर आणला, खाली वाकून साखळी तिच्या मागच्या पायांना खुरांच्या वर बांधली आणि तिला अंगणात ओढून आणलं. मग आत जाऊन नाश्ता केला. मी त्याला विचारलं, तुमच्याकडे मेलेली जनावरं कोण ओढतं? त्याला प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "गाय कोणाची? माझी. मग कोण ओढणार?"

हे मी त्या आठवड्याच्या पानावर शब्दशः लिहिलं. प्राध्यापकांनी त्यावर काहीच शेरा मारला नाही. त्यात लिहिण्यासारखं काय आहे, हे त्यांना दिसलं नसावं.

पाटलाची म्हैस बांधाजवळ पडली होती. गळा सुजलेला, जीभ बाहेर. दवाखान्यातला पट्टीबंधक माझ्यासोबत होता.

"साहेब, गळा पाहा. घटसर्पच आहे. लिहून टाका अन् लस मागवा," तो म्हणाला. "याच्या आधीचे सारे डॉक्टर असंच करत."

"उघडल्याशिवाय कसं लिहू?"

"मंग उघडणार कोण? मी पट्टी बांधतो बाप्पा, मढं कापत नाही."

नाकातोंडातून काळं रक्त आलं असतं तर काळपुळीचा संशय धरतात, आणि मग जनावर उघडायचं नसतं. तसं नव्हतं. तरी तपासणीसाठी कानाच्या शिरेतलं रक्त काचपट्टीवर घेतलं आणि बाह्या वर केल्या. रोवणीच्या बाया चिखलातून बांधावर चढून उभ्या राहिल्या. त्यांत आमच्या वस्तीतल्याही होत्या.

"अवं, विलायतेले जाऊन हेच शिकला का वं हा?"

"याच्या आज्यानं तं गावातच शिकलं होतं. बिनफीचं."

हसू आलं ते पाटलाच्या बाजूच्या बायांना. वस्तीतल्या बाया खाली उतरून पुन्हा रोवू लागल्या. मी म्हैस उघडली. गळ्याच्या कातडीखाली पिवळट पाणी साचलं होतं, फुप्फुसं घट्ट झाली होती. घटसर्प होता. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याहून लस आली आणि आम्ही गावातली गुरं टोचली.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बाबा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "काहून कापलं?"

"रोग पाहाले."

"गळा पाहून नोहोता दिसत?"

"दिसत होता. खात्री नोहोती."

"तुझी खात्री झाली," बाबा म्हणाले. "आता गावाचीही होईल."

मी त्यांना सांगायला लागलो. तिथे प्रोफेसर सोता कापते, जमीनदाराचा पोरगा कापते, हातानं केल्याबिगर तिथं शिकलं असं मानतच नाहीत.

बाबांनी विडीला धागा गुंडाळला आणि सूप बाजूला ठेवलं. "आमी पिढ्यान्‌पिढ्या हातानंच शिकलो, बाबू. आमाले कोणं पदवी देल्ली?"

मायने दोन ताटं वाढली होती. बाबा आपलं ताट उचलून पडवीत गेले. माय एकदा त्यांच्याकडे पाहत होती, एकदा माझ्याकडे.

पोळा होऊन गेल्यावर पाटलाचा एक बैल मेला. रस्ता अजून चिखलाचाच होता, तुमसरची गाडी येणार नव्हती. पाटलाचा गडी वस्तीत आला आणि विहारापाशी उभा राहून म्हणाला, "पाटलानं बोलावलं. दोर घेऊन चौघं जण या."

"काहून?" कोणीतरी विचारलं.

"बैल मेला. तुमचा डॉक्टर तं शिकूनसवरून करते. मंग तुमालेच कायची लाज?" जाताना तो थांबला. "अन् धानाची कापणी जवळ आली, ध्यानात ठेवा."

हे मी ऐकलेलं नाही, धाकट्या भावाने ऐकलं. त्याने मला दवाखान्यातून बोलावून आणलं. मी आलो तेव्हा विहारात बैठक भरली होती. प्रश्न साधा होता: जायचं की नाही. न गेलं तर कापणी जाणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि कापणीवर वर्षाचे तांदूळ होते.

"एकडाव जाऊन येऊ," एक तरुण म्हणाला. "त्याचंही तोंड बंद होईल."

"एकडाव म्हणूनच माझा बाप गेला होता," बाबा म्हणाले.

मग ते सर्वांसमोर माझ्याकडे वळले. "तुनं सुरू केलं. सकाळी त्याच्याकडे तू जा. काय सांगायचं ते तुले माहीत."

सकाळी पाटील अंगणात खाटेवर बसला होता. बैल गोठ्यामागे पडला होता आणि वास सुटायला लागला होता. पाटलाचे दोन मुलगे नाकाला उपरणी लावून उभे होते.

"या, डॉक्टरसाहेब! सुरी आणली का?"

"आणली. दोर कोण धरते?"

"वस्तीतले येऊन राहिले ना. तुमी आले म्हणजे तेही येतील."

"ते नाही येत. बैल कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? माझा."

"मंग दोर तुमीच धरा."

पाटील हसला. मुलगे हसले नाहीत. बैल बँकेच्या कर्जातला होता, कानात विम्याचा बिल्ला होता. विम्याला शवविच्छेदनाचा दाखला लागतो आणि कानाच्या तुकड्यासकट तो बिल्ला लागतो. हे पाटलाला माहीत होतं. मी त्याला सांगितलं की गोठ्यामागे, घराच्या इतक्या जवळ मी बैल उघडणार नाही. खड्डा करा, तिथपर्यंत आणा, मग मी माझं काम करतो.

"तू शिकून असा माजशील वाटलं नोहोतं," पाटील म्हणाला. 'साहेब' गेलं होतं.

मी तिथेच उभा राहिलो. मधल्या वेळेत काय काय बोललं गेलं ते सगळं मला आठवत नाही, म्हणून लिहीत नाही. शेवटी पाटील उठला आणि मुलांना म्हणाला, "पोट्टेहो, धरा बे."

त्यांना गाठ बांधता येत नव्हती. थोरल्याने गुडघ्याच्या वर बांधली, ओढताच सुटली. मी दोराला हात लावला नाही. हात पाठीमागे ठेवून सांगितलं: मागच्या पायांना बांधा, खुरांच्या वर. दुसऱ्यांदा धाकट्याने बांधली ती टिकली. दोघे भाऊ आणि दोन गडी ओढत होते. वस्तीतले लोक तलावाच्या पाळीवर उभे राहून पाहत होते. कोणी हसलं नाही, कोणी ओरडलं नाही. बाबा त्यांत नव्हते. खड्डा पाटलाच्याच वावरात खणला होता. मी बैल उघडला. फऱ्या रोग निघाला. कानाचा तुकडा बिल्ल्यासकट पाटलाच्या हातात दिला आणि तळ्यावर जाऊन हात धुतले.

घरी बाबांनी विचारलं, "दोर कोणं धरला?"

"त्याच्या पोराईनं."

"तुनं?"

"नाही."

"अन् सुरी?"

"सुरी मीनं."

बाबांनी मान हलवली. होकाराची होती की नाही, ते मी सांगू शकत नाही. मायने वाढलं. बाबा आपलं ताट घेऊन पडवीत गेले.

प्राध्यापकांचा तो तिसरा प्रश्न, पुन्हा करायची वेळ आली तर काय वेगळं कराल, त्या महिन्यांत मला पुष्कळदा आठवला. गळा पाहून लिहून टाकलं असतं तर म्हशीचा रोग तोच निघाला असता आणि लसही तीच आली असती. गडी वस्तीत आला नसता. दुसऱ्या बाजूने, पाटलाची मुलं दोराजवळही आली नसती. यातलं कोणतं शिकणं आणि कोणतं नुकसान, ते अर्ध्या पानावर मांडता आलं नसतं. मी कोणाला लिहूनही कळवलं नाही.

त्या वर्षी पाटलाने वस्तीतल्या कोणालाही कापणीला बोलावलं नाही. बाया पहाटे निघून दुसऱ्या गावांत कापणीला गेल्या. 'एकडाव जाऊन येऊ' म्हणणारा तरुण भंडाऱ्याला भांड्यांच्या कारखान्यात कामाला लागला. काही घरांत पुन्हा दिवसभर विड्या वळल्या जाऊ लागल्या. हिवाळ्यात माझी बदली झाली. मी अर्ज केला नव्हता. ती कोणी करवली याबद्दल गावात बोललं जाई. माझ्याकडे पुरावा नाही.

पुढच्या पावसाळ्यात गावात दोन ढोरं मेली, एक पाटलाचं आणि एक दुसऱ्या घरचं. धाकट्या भावाने मला येऊन सांगितलं. नंतर गावी गेल्यावर मी दोन्ही घरी विचारून खात्री करून घेतली. दोन्ही ढोरं मालकांनीच ओढून नेली होती. वस्तीत बोलवायला कोणी आलं नव्हतं.