भिवपुरीची पोपटी आणि पुढच्या वर्षीचा यजमान

ठरवलं तेव्हा सोपं वाटलं होतं. मी फार्माकोमेट्रिक्समध्ये काम करते, म्हणजे औषध अंगात किती जातं, किती टिकतं, कुणाला किती द्यावं, याचं गणित. आशियात हे करणारे बरेच आहेत, पण आपापल्या लॅबमध्ये एकेकटे. आमची बरीचशी मॉडेल्स युरोप-अमेरिकेतल्या धष्टपुष्ट पेशंट्सवर बनलेली. आमचे पेशंट किडकिडीत. म्हटलं, सगळ्यांना एकत्र बोलवू. एकदा भेटून विसरून जाणारे ग्रुप खूप झालेत, म्हणून माझं टार्गेट एकच: पुढच्या वर्षी कोण बोलावणार, हे इथेच ठरायला हवं. नाहीतर हाही ग्रुप संपला.

मुंबई एअरपोर्टवरून टेंपो ट्रॅव्हलर केली. पनवेल सुटलं की जुना हायवे, मग चौकला डावीकडे कर्जत रोड. जाणार असाल तर सकाळी निघा, दुपारी ट्रकच्या मागे धूळ खात बसावं लागतं. आम्ही दुपारीच निघालो.

"मॅडम, हे सगळे डॉक्टर हायत का?" आमचे ड्रायव्हर मुबीनभाई आरशातून बघत म्हणाले. "माझी शुगर बघतील?"

"डॉक्टर नाहीत हो, गणितवाले."

"मग इतक्या लांबून कशाला आणलंत!"

भिवपुरीजवळचं फार्महाउस साधं, स्वच्छ आणि स्वस्त. पंखे मात्र आवाज करतात. पहिल्याच दिवशी जपानचे ओकादासर, आमच्यात सर्वांत मोठे, पुढच्या खुर्चीत बसले. प्रत्येक भाषणानंतर मी विचारायचे, "प्रश्न?" आणि फक्त पंखे ऐकू यायचे. प्रवासाने दमले असतील, म्हणून मी सोडून दिलं. मीही दमलेच होते.

संध्याकाळी पोपटी होती. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, चिकन, भांबुर्ड्याचा पाला, आणि भोवती जाळ. थंडी संपायच्या आत गेलात तरच मिळेल. स्वयंपाकाच्या वनिताताईंनी मडकं पानांवर उपडं केलं, मस्त वाफ आली, आणि कुणी हातच लावेना. हनोईची लिन आणि जकार्ताची देवी सरांसाठी थांबलेल्या. सर माझ्यासाठी. आणि आमच्या घरी यजमानाने शेवटी जेवायचं असतं, म्हणून मी पाणी वाढत फिरतेय.

"काय गं, ही मानसं पोरगी बघायला आलीत काय?" वनिताताई वैतागल्या. "खा म्हनावं. गार झाल्यावर वालाला चव नाय."

दुसऱ्या दिवशी मी सरळ विचारलं, पुढच्या वर्षी कोण? सगळ्यांनी हसून मान हलवली. मी खूश! चहाच्या वेळी देवीला म्हटलं, मग हॉटेल कधी बघायचं? तिचा चेहराच पडला. "बघू... आमच्या सरांना विचारावं लागेल." बाकीच्यांचंही तेच. निघेपर्यंत यजमान मिळालाच नाही.

परतीला लोधिवलीजवळ ट्रॅफिक तुंबलं. मुबीनभाईंनी गाडी बाजूला घेतली, आम्ही तिघी वडापाव घेऊन उभ्या राहिलो.

"मान हलवली म्हणजे 'ऐकलं'," लिन म्हणाली. "'हो' नाही."

"मग नाही म्हणायचं ना!"

"तुझ्या सरांना तू कधी म्हणालीस?"

मी वडा खात राहिले.

"मोठी मीटिंग नकोच," देवी म्हणाली. "ऑनलाइन भेटू. प्रत्येकाने आपलं फसलेलं मॉडेल आणायचं. चांगलं आणायचंच नाही."

"आणि सर असले तर?" मी विचारलं.

तिघींनी गाडीत पाहिलं. ओकादासर खिडकीला डोकं टेकून झोपलेले.

"झोपलेत ते," मुबीनभाई म्हणाले. "बोला बिनधास्त." आमचं इंग्रजी कळत नसूनही त्यांना विषय बरोबर कळला होता.

पुण्याला घरी आले आणि अक्षरशः पडून राहिले. एवढी धावपळ करून माझं टार्गेट फेल. कर्जत छान आहे, जरूर जा, पण पाहुणे घेऊन जाऊ नका, असंच लिहिणार होते. पण काल तो ऑनलाइन कॉल झाला. मोजकेच लोक आले. लिनने तिचा ग्राफ लावला: लहान मूल म्हणजे फक्त कमी वजनाचा मोठा माणूस असं धरलेलं, रेषा सगळ्या ठिपक्यांना सोडून भलतीकडे गेलेली. सगळ्यांचे माइक बंदच. मी काहीतरी गोड बोलून वेळ निभावणार, एवढ्यात देवीचा माइक सुरू झाला.

"हे असं का केलंस?"

"कारण वजन—"

"थांब गं, माझा प्रश्न संपला नाही अजून."