क्ष-किरणांचा वारा

कर्वेनगरातल्या शैलाबाई खांबेटे यांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्त झाल्या तरी हात शिवशिवायचेच. लग्नपत्रिका आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ बघायच्या, मग मुहूर्त. सोसायटीचा सूचनांचा फळाही त्यांच्याच ताब्यात होता, आणि तिथे पाल्हाळाला माफी नव्हती.

त्यांची भाची तनया क्वेसारांवर संशोधन करायची. क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या पोटातलं अजस्र कृष्णविवर. भोवतीचा वायू गिळताना त्याच्याभोवती असा झगझगाट होतो की सगळे तारे फिके पडावेत, आणि थोडा वायू वाऱ्यासारखा बाहेर भिरकावला जातो. अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणींच्या मदतीने तनया हे वारे मोजायची. मावशीच्या हट्टापायी तिने त्यावर मराठीत दोन व्याख्यानं दिली होती. पहिल्याला सात माणसं आली, दुसऱ्याला चार, त्यातला एक पंखा दुरुस्त करायला आलेला.

"मावशी, हे तिसरं शेवटचं हं," तनया म्हणाली. "मराठीत कुणाला इंटरेस्टच नाहीये. यापुढे फक्त इंग्लिश."

शैलाबाईंच्या ते फार जिव्हारी लागलं. जिच्या काना-मात्रेत त्यांचं आयुष्य गेलं, ती भाषा भाची मोडीत काढत होती. या वेळी सोसायटीचा हॉल भरायचाच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

तनयाने शीर्षक पाठवलं होतं : 'तेजस्वी क्वेसारांमधून वाहणारे प्रचंड वारे : क्ष-किरण दुर्बिणींद्वारे अभ्यास'. शैलाबाईंनी कात्री चालवली. 'क्वेसार' त्यांच्या कोशात सापडेना, उडवा. 'दुर्बिणी' ओळीत मावेना, उडवा. फळ्यावर उरलं ते असं : 'क्ष-किरणांद्वारे वाऱ्याचा अभ्यास. डॉ. तनया. रविवारी दुपारी चार. विनामूल्य.'

कुणीतरी फळ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. रविवारी पावणेचारलाच हॉल भरला. शैलाबाई हरखल्या, आणि मग त्यांना दिसलं की बहुतेकांच्या हातात एक्स-रेची भलीमोठी पाकिटं आहेत. धायरीचे गेनबा तर लेकीचा हात धरून, डावा पाय ओढत आले होते.

"बाई, माज्या अंगावरनं वारं गेलंय. डाक्टरीण कुठं हाय?"

शैलाबाईंना फळ्यावरची ओळ आठवली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि ही स्वतःची, खडूने, ठळक अक्षरांत!

"चूक माझी आहे," त्यांनी उभं राहून सांगितलं. "हा अर्धांगाचा वारा नव्हे, आकाशातला आहे."

"मग तसं लिहायचं होतं," मागून आवाज आला. "आम्हाला वाचता येतं." खुर्च्या सरकू लागल्या.

"आजोबा, तुमचं पाकीट देता जरा?" तनया पुढे झाली. गेनबांच्या छातीची फिल्म काढून तिने खिडकीसमोर धरली. "हाडांनी किरण अडवले, म्हणून इथे पांढरं दिसतंय. काय अडलं त्यावरून आत काय आहे ते कळतं. मीही तेच करते. क्वेसारचे काही क्ष-किरण वाटेत वाऱ्यातलं लोखंड अडवतं. वारा जितका जोरात, तितके जास्त ऊर्जेचे किरण गायब होतात; म्हणून नेमके कुठले गायब झाले ते पाहिलं की वाऱ्याचा वेग कळतो. सेकंदाला साठ हजार किलोमीटर!"

उठलेली माणसं बसली. हे मोजणारी दुर्बीण अवकाशात फिरते, असंही तिने सांगितलं.

"मग दुर्बीण सिंहगडावर बसवा की. वर कशाला पाठवायची?" मघाचाच आवाज.

"आपली हवाच क्ष-किरण अडवते, काका." इंग्रजी शब्द ओठांवर आला की तनया मावशीकडे बघायची, आणि मावशी तत्परतेने मराठी शब्द पुरवायच्या. असा तास कसा गेला कळलं नाही. शेवटी तनया म्हणाली, "हा वारा जोराचा असला, तर दीर्घिकेतला वायूच उडवून लावतो. मग तिथे नवे तारे जन्मत नाहीत. सगळं थंडावतं."

गेनबा खुर्चीतून पुढे वाकले. "म्हंजी त्या आख्ख्या दीर्घिकेच्याच अंगावरनं वारं जातं म्हना की!"

हॉल खो खो हसला. तनया मात्र हसली नाही. तिने पेन काढून ते वाक्य हातावरच लिहून घेतलं.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "सहा वर्षं मी हेच सांगायला धडपडतेय. हे इंग्लिशमध्ये सांगताच येणार नाही गं!"

शैलाबाईंना इतका आनंद झाला की डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही.