चार पेडांची वेणी

लेक तिसरीत होती. त्या हिवाळ्यात जर्मनीत, डार्मश्टाटमधल्या तिच्या वर्गात सिरियाहून आलेली एक मुलगी दाखल झाली. आठवड्यातून एकदा अख्खा वर्ग चालत पोहायला जायचा, जोड्याजोड्यांनी, हात धरून. नव्या मुलीचा हात कुणी धरेना, तेव्हा माझ्या लेकीने धरला.

त्या दुपारी ती घरी आली आणि बूट न काढताच दारात बसून राहिली. मागून कुणीतरी म्हणालं होतं, "तुम्ही दोघी परत आपल्या हाइममध्ये जा." हाइम म्हणजे निर्वासितांना ठेवलं होतं ती इमारत. लेक तर याच गावात जन्मलेली.

नवरा भडकला. मला म्हणाला, "उद्या जाऊन बाईंना सांग, आम्ही निर्वासित नाही म्हणावं. इंजिनिअर आहे मी इथे."

लेक नेहमीसारखी जर्मनमध्ये म्हणाली, "मग तिला एकटीला म्हटलं तर चालेल?"

नवरा खाली बसला आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

मी बाईंना भेटले, पण दोघींच्या वतीने बोलले. बाई खजील झाल्या. त्यांनी वर्गाला समज दिली. टोमणे थांबले नाहीत, कमी झाले. "पोहायच्या दिवशी सोबत याल का?" बाईंनी विचारलं. "कपडे बदलताना माणूस कमी पडतं."

म्हणून मी गेले. लेकीचे केस वाळवून वेणी घातली, तर ती मुलगी ओल्या केसांनी शेजारी उभी. "ये," म्हटलं. केसांचे तीन भाग केले, तशी तिने मागे वळून चार बोटं दाखवली. मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली, "आई अशी घालते." तिची आई अजून तुर्कस्तानातच अडकली होती.

चार पेडांची वेणी मी कधी घातली नव्हती. तीच माझी बोटं धरून शिकवत गेली. दोनदा विसकटली. शेवटी तिने वेणीवरून हात फिरवला आणि खुशीत म्हणाली, "गेनाऊ!" अगदी अशीच.

बाहेर बाई घाई करत होत्या. वळले तर वर्गातली एक सोनेरी केसांची मुलगी रबरबँड पुढे करून उभी होती.

"मलाही चारची."

तिचे केस इतके बारीक, की सारखे निसटत होते. माझ्या दोन मदतनिसांनी एकेक पेड घट्ट धरून ठेवला.