दाण्याच्या कुटातली कोळंबी

सुवर्णाच्या स्वयंपाकघरात एक डबा कधी रिकामा नसे, तो दाण्याच्या कुटाचा. कराडची लेक ती. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपासाला तर विचारूच नका. रेल्वेतल्या रणजीतशी लग्न होऊन ती बदल्यांबरोबर गावोगाव फिरली आणि जयपूरला तिलक नगरात येऊन थांबली, पण डबा काही सुटला नाही. सासूबाई, म्हणजे देवगडच्या यमुनाबाई, यावरून तिला चिडवत. "तू चायेतय कूट घालशील गो," असं त्यांनी जयपूरला आल्यावर पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं.

तेव्हा त्या हसत तरी होत्या. आता दोन महिने होत आले होते आणि यमुनाबाई बाल्कनीतल्या खुर्चीत बसून राहायच्या. चार घास खाऊन ताट बाजूला करायच्या. देवगडला त्या एकट्या राहत होत्या, पावसाळ्यात विहिरीपाशी पाय घसरून पडल्या, म्हणून रणजीत त्यांना इकडे घेऊन आला होता. परवा त्यांनी शांतपणे सांगून टाकलं, "दिवाळेक माका घरी सोड. हय माका जेवण जाणां नाय."

सुवर्णाला ते लागलं. लोकलाजेसाठी सासू सांभाळणाऱ्यांतली ती नव्हती. तिला ही बाई मनापासून आवडायची. तिची स्वतःची आई ती कॉलेजात असतानाच गेली होती, आणि बाळंतपणात तिच्या केसांना तेल लावलं होतं ते यमुनाबाईंनी. त्यांना पुन्हा त्या विहिरीपाशी एकटं सोडायला ती तयार नव्हती.

मग तिने मासळीचं मनावर घेतलं. दुकानातल्या फ्रीजरमधली सोललेली कोळंबी आणली, मसाला लावला, रव्यात घोळवली आणि तळली. बर्फातल्या कोळंबीला पाणी सुटलं, रवा सगळा तव्यावर राहिला आणि कोळंबी रबरासारखी नागडी ताटात आली. यमुनाबाईंनी एक खाल्ली. "बरां झालां हा," म्हणाल्या आणि हात धुतला. नावं ठेवली असती तर सुवर्णाला बरं वाटलं असतं. देवगडची बाई मासळीला नावं ठेवत नाही म्हणजे तिने आशाच सोडली.

पण सुवर्णा हट्टाला पेटलेली. रव्याऐवजी जाडसर, कुरकुरीत काहीतरी हवं, असं म्हणत रविवारी सकाळी तिचा हात सवयीने गेला तो त्याच डब्याकडे. कोळंबी कुटात घोळवून तिने कढईत सोडली. पुढचं काय सांगावं? कूट आधीच खमंग भाजलेला. तेलात पडताच तो काळा पडला, कोळंबी आत कच्चीच राहिली आणि धूर पार बाल्कनीपर्यंत गेला. सुवर्णाने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून रडायला लागली.

मागून आवाज आला. "भाजलेलां परत तळूक घेतलंस? मग जळतलां नाय तर काय?"

यमुनाबाई खुर्चीतून उठून दारात उभ्या होत्या.

"तुम्हाला चार घास खायला घालायचे होते, आई," सुवर्णा डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही जाऊ नका. मला करमणार नाही तुमच्याशिवाय."

यमुनाबाई ओट्यापाशी आल्या. पदर खोचला आणि विचारलं, "कच्चे शेंगदाणे आसत?"

होते. दारावरच्या ठेल्यावरून नव्या हंगामाचे घेतले होते. सुवर्णाने ते खलबत्त्यात ओबडधोबड कुटले. त्यात तिचा हात कोण धरणार? उरलेल्या कोळंबीला यमुनाबाईंनी मीठ चोळलं, पाणी सुटू दिलं आणि पंच्यात दाबून कोरडी केली. गावाहून आणलेल्या बाटलीतलं आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, हळद आणि तिखट लावलं. मग तांदळाच्या पिठाच्या दाट भिजवणीत बुडवून एकेक कोळंबी दाण्यांवर ठेवून तळव्याने दाबली. "आमच्याकडे सुंगटांक दाणे कोण लावणा नाय," असं पुटपुटत होत्या, पण हात थांबत नव्हते. विस्तव मंद ठेवायला लावला. नॉनस्टिक तव्याला तेवढी शिव्यांची लाखोली वाहिली.

पहिला घाणा निघाला तो बदामी, आणि दाणे जागच्या जागी. सुवर्णाच्या आठ वर्षांच्या लेकीने, अवनीने, एक तोंडात टाकली. कुर्रकन् आवाज झाला.

"आजी, और है? मतलब, अजून आहे?"

"आसा गो, बस."

सगळ्यांचं झाल्यावर यमुनाबाई जेवायला बसल्या. पहिली कोळंबी सावकाश चावली. "मीठ कमी पडलां हा," म्हणाल्या. सुवर्णाला इतका आनंद झाला की तिला परत रडू आलं. त्यांनी भात दुसऱ्यांदा घेतला, आमटी मागून घेतली.

हात धुऊन आल्यावर त्या मुलाकडे वळल्या. "रणजीत, दिवाळेक तू एकटोच जा. घराक दिवो लाव. आणि येताना माझो बिडाचो तवो घेऊन ये."