मंदाच्या नावाखालचा फोटो

भिंतीवर मंदाच्या नावाखाली लावलेला फोटो मी काढला होता. आणि भरल्या सभागृहात, माइक हातात घेऊन, तो तिनंच काढलाय असं मी सांगितलं. माझी चूक ही. तिला चूक म्हणणंसुद्धा सोयीचंच आहे.

बारामतीतलं सभागृह होतं. पुढं पाहुण्यांच्या खुर्च्या, मागं सतरंजी. सतरंजीवर ऊसतोड कामगारांची सहा पोरं आणि त्यांचे आईबाप. पोरांना संस्थेनं कॅमेरे दिले होते, त्यांनी आपलं जगणं आपणच टिपायचं होतं, आणि भिंतीवर ते सगळं लागलं होतं. निदान पत्रिकेत तसं छापलं होतं.

पाहुणे फिरत फिरत मंदाच्या फोटोपाशी आले. फोटोत चार वर्षांची पोरगी. फाटका फ्रॉक, हातात पेलवत नाही असा कोयता, गालांवर ओघळ. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलेलं : 'माझं बालपण हरवलं आहे. मंदा, वय बारा.' सगळे तिथंच थबकले. संस्थेच्या पुण्याच्या मॅडमनी मंदाला पुढं बोलावलं.

"सांग बाळ, हा फोटो काढताना तुझ्या मनात काय आलं?"

मंदानं फोटो बघितला. तिसरीपर्यंत शाळा झालेली, अक्षराला अक्षर लावून वाचायची. खालचं नाव तिनं वाचलं.

"ह्यो म्या न्हाई काढला."

लोक हसले. लहान मूल काही बोललं की हसतात तसे.

"मपला फोटू दुसरा हाय. पाण्याचा. त्यो कुटंय?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी माइक घेतला. म्हणालो, "लाजते ती. एवढी माणसं बघून गोंधळली. तिचा रोल मीच धुतलाय. हा तिचाच फोटो आहे."

"सर, तुमीच काढला की," मंदा म्हणाली. आवाज चढवला नाही. मला विसर पडला असेल आणि ती आठवण करून देतेय, असं.

सतरंजीवरून तिचा बाप उठला. पुढं आला आणि सगळ्यांसमोर त्यानं तिच्या थोबाडीत मारली.

"सर खोटं बोलत्यात व्हय? येवढी मानसं बसल्यात अन् तू त्यास्नी खोटं पाडती?"

कुणीतरी "अहो, राहू द्या, राहू द्या" म्हणालं. मंदा रडली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. मी माइकच्या वायरचा गुंता सोडवत राहिलो. ती जाऊन आईपाशी बसली. मग टाळ्या झाल्या. कशाच्या, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी मूळचा लासुर्ण्याचा. नव्वदीच्या त्या वर्षांत रस्त्याकडेला माझा फोटो स्टुडिओ होता. ओळखपत्राचे फोटो, लग्नं, बारशी. खुंटीला एक काळा कोट असायचा. गिऱ्हाईक आलं की त्याच्या अंगात तो कोट चढवायचा, केस बसवायचे, तोंडाला पावडर लावायची. कुणाला विचारायचं नाही. खेड्यातला फोटोवाला असाच असतो. समोरचा माणूस जसा आहे तसा फोटोत चालत नाही, हे त्यानं धरूनच ठेवलेलं असतं. आणि गिऱ्हाइकालाही ते पटलेलं असतं.

मॅडम स्टुडिओत आल्या तेव्हा माझ्या भिंतीवरचे फोटो बघून म्हणाल्या, "तुमच्याकडे नजर आहे." असं मला आधी कुणी म्हटलं नव्हतं. निरवांगीकडच्या एका मळ्यावर बीडकडची टोळी उतरली होती. त्यांच्या पोरांना कॅमेरा शिकवायचा. संस्थेच्या पत्रिकेवर माझं नाव येणार होतं, पुढं 'प्रशिक्षक'. ती पत्रिका मी घरी तीनदा वाचली.

कारखान्याचा हंगाम सुरू झालेला. बांबू, चटया आणि उसाचं पाचट यांच्या खोप्या. पहाटे आईबाप फडात जायचे. मागं पोरं, शेळ्या आणि आजारी माणसं. मी सहा साधे प्लॅस्टिकचे कॅमेरे वाटले. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. मी सांगितलं, "तुम्हाला जे दाखवावंसं वाटतं ते काढा. कुणाला विचारू नका. मलाही नाही."

हे वाक्य माझंच. मंदानं ते खरं मानलं.

बाकीच्या पोरांनी दोन दिवसांत रोल संपवले. बैल, ट्रक, एकमेकांची तोंडं. मंदाचा रोल तीन आठवडे चालला. मी गेलो की विचारायचो, "किती राहिले गं?" ती म्हणायची, "अजून लई हायेत. घाई हाय का तुमाला?" तिची आई हसायची. "भाऊ, ही भाकरीसुदिक तुमचा फोटू काढल्यावानी थापाया लागली बघा. चारी बाजूंनी बघती अन् मग हात लावती."

रोल मी माझ्या अंधाऱ्या खोलीत धुतला. झोपलेल्या बापाच्या छातीवर रेडिओ. आई केस विंचरतेय, आरसा खोपीच्या बांबूला टांगलेला. गावातली शाळा, दारातून काढलेली, आणि वर्गातली सगळी तोंडं दाराकडं वळलेली. तो फोटो बघताना ती तोंडं माझ्याकडंच बघतायत असं झालं. मग पाण्याचा फोटो ट्रेमध्ये वर आला. आधी तांब्या. मग तो धरलेला हात, बांगड्या भरलेला, एक ठसठशीत अंगठी. मग खाली ओंजळ धरलेले दोन हात. मधे हातभर अंतर, आणि त्या अंतरातून पडणारी पाण्याची धार. ओंजळ मंदाच्या आईची. कोपरावरून पाणी गळतंय, पदर भिजलाय, मान वर आहे.

त्या लोकांची जात मी विचारली नव्हती. विचारायची गरजही नव्हती. तांब्या वर होता.

माझी आई लासुर्ण्यात लोकांच्या मळ्यावर खुरपायला जायची. आमच्या घरातले जुने देव कधीच गेले होते, भिंतीवर बुद्ध आला होता. मळ्यावरचा तांब्या मात्र खाली आला नव्हता. मी सात-आठ वर्षांचा असताना आईबरोबर गेलो होतो. तहान लागली म्हणून रांजणातला पेला उचलला. मालकिणीनं पेला माझ्या हातातून घेतला नाही. म्हणाली, "ठेव खाली." मी ठेवला. तिनं तो काठीनं ढकलत उकिरड्यावर नेला. आई म्हणाली, "चुकलं लेकराचं." मग आम्ही दोघं ओंजळीनं पाणी प्यालो. मला तेव्हा आईच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

म्हणून सांगतो, मला त्या फोटोत काय आहे ते कळत नव्हतं असं कुणी समजू नये. त्या सभागृहात माझ्याइतकं ते कुणालाच कळलं नसतं.

मी प्रिंट घेऊन मॅडमकडं गेलो. त्यांनी बराच वेळ बघितला.

"हा हात तात्यांच्या आईंचा आहे ना?"

तात्या म्हणजे मळ्याचे मालक. टोळीला जागा त्यांची, विहीर त्यांची. सभागृह त्यांनी मिळवून दिलेलं, आणि उद्घाटनही त्यांच्याच हस्ते.

"व्हय," मी म्हणालो.

"मग हा कसा लावायचा? आणि तसं बघितलं तर यात आहे काय? एक बाई दुसरीला पाणी देतेय. चांगलंच आहे की." मग प्रिंट उलटा ठेवून म्हणाल्या, "मंदाचा दुसरा काहीतरी हवा. बघताक्षणी काळजाला भिडेल असा. तुम्ही बघा ना काहीतरी."

मी बघितलं. दुसऱ्या दिवशी माझा स्वतःचा कॅमेरा घेऊन खोप्यांवर गेलो. मंदा पाणी आणायला गेली होती. तिची धाकटी बहीण पिंकी दारात खेळत होती. अंगात इंदापूरच्या बाजारातून आणलेला नवा पिवळा फ्रॉक.

मी तिच्या आईला म्हणालो, "ताई, जुना फ्रॉक घाला हिला."

"अवो, तुमी येणार म्हनून तर नवा घातलाय."

"फोटोत नवा बरा दिसत नाही."

तिनं मान खाली घातली आणि फ्रॉक बदलला. मी पिंकीच्या हातात कोयता दिला. ती रडायला लागली. भुकेनं नाही, कष्टानं नाही. नवा फ्रॉक काढून घेतला म्हणून. मी बटण दाबलं.

मंदा हंडा घेऊन परत आली तेव्हा मी दुसरा फोटो घेत होतो. तिनं हंडा उतरवला, सगळं बघितलं आणि पिंकीला उचलून घेतलं.

स्टुडिओत मी माणसांच्या अंगात कोट चढवायचो. तिथं उतरवला. हात तोच.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या खोलीत चहा होता. मी कपबशी घेऊन दाराशी उभा होतो. आत मॅडम कुणाला तरी सांगत होत्या, "मुलीनं सगळं घालवलंच असतं. पण आमच्या फोटोग्राफरनी सांभाळून घेतलं. ही माणसं फार चांगली असतात हो, सांगू ते करतात. फक्त जरा मान द्यायचा."

ही माणसं.

तात्या म्हणाले, "लासुर्ण्याचाच हाय नव्हं त्यो? त्याची आय आमच्या पाव्हण्यांच्यात खुरपायला असायची."

ते वाईट हेतूनं म्हणाले नाहीत. ओळख सांगितली. मी कपबशी खिडकीत ठेवली आणि निघालो. खरं तेच लिहायचं तर, मला आधी स्वतःसाठीच वाईट वाटलं. मला फसवलं, वापरलं, असं मनात चाललं होतं. लासुर्णे येईपर्यंत तसंच चाललं होतं. मंदाच्या गालाची आठवण त्यानंतर आली. आपण फसवले गेलो या दुःखात मी किती आरामात बसलो होतो, ते तेव्हा समजलं.

दुसऱ्या दिवशी मी खोप्यांवर जायला हवं होतं. गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हंगाम संपला, टोळी गेली. पुढच्या वर्षी त्या मळ्यावर दुसरीच टोळी आली. त्याच्या पुढच्या वर्षी मी इंदापूर तालुक्यातल्या खोप्या विचारत फिरलो. निरवांगीच्या पुढं, ओढ्याकाठी ती माणसं भेटली. मुकादमानं मला ओळखलं.

"या, फोटूवाले. कुनाचं लेकरू रडवायचंय औंदा?"

मी मंदाचं नाव काढलं.

मंदाचं लग्न झालं होतं. पंधरा वर्षंही पुरी नसतील. ती आणि तिचा नवरा मिळून आता एक कोयता; टोळीत जोडप्याला कोयता म्हणूनच मोजतात. ती उसाची मोळी बांधत होती. मी म्हणालो, "मंदा, त्या दिवशी तू खरं बोललीस. मी खोटं बोललो. मला माफ कर."

तिनं मोळीची गाठ आवळली, पायानं दाबून बघितली.

"मला काय सांगता सर? मला ठावंच हाय की. ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा."

मी तिच्या बापाकडं गेलो. त्याला सांगितलं. तो उसाच्या शेंड्याचं वाढं तोडता तोडता थांबला.

"म्हंजी म्या उगंच मारली तिला?"

"हो."

"तुमच्या शब्दावर मारली सायब." एवढंच म्हणाला आणि पाठ फिरवून कामाला लागला. त्यानं मला माफ केलं नाही. मी अपेक्षाही केली नाही.

त्याच वर्षी संस्थेचा पुन्हा कार्यक्रम होता. बारामतीतच. जुन्या प्रशिक्षकांचा सत्कार. मला पत्रिका आली. मॅडमनी लिहिलं होतं, दोन शब्द बोला. मी गेलो. पुढं तात्या बसले होते, त्यांच्या शेजारी मॅडम. शाल मी घेतली नाही. माइक घेतला. मी जे बोललो ते असं :

"दोन वर्षांपूर्वी मंदा नावाच्या मुलीनं तुमच्यासमोर सांगितलं की तो फोटो तिचा नाही. ती खरं बोलत होती. फोटो मी काढला. लेकरू मी रडवलं. खालचं वाक्य मी लिहिलं, तिनं म्हटलेलं नाही. तिनं काढलेल्या फोटोत तात्यांच्या मळ्यावर तिच्या आईला वरून पाणी ओततायत. तो आम्ही लपवला, कारण तात्या पुढच्या खुर्चीत बसणार होते. मॅडमनी सुचवलं, पण केलं मी. माझी आई तशाच ओंजळीनं पाणी प्यालेली आहे, तरी केलं. तुम्ही मंदाला हसलात. तिच्या बापानं माझ्या शब्दावर तिला मारलं. यापुढं माझ्या हातून कुणाच्या तोंडी माझं वाक्य जाणार नाही, आणि मंदाचा फोटो कुठं लपवला गेला हे मला कुणीही विचारलं तरी मी नावानिशी सांगेन. मंदा इथं नाही. ती ऊस तोडतेय. म्हणून ज्यांच्यासमोर तिला खोटं पाडलं त्या तुमच्यासमोर सांगतो. मंदा, मी खोटं बोललो. मी तुझी माफी मागतो."