भिकू मशीनमनचं प्रशिक्षण

पोलादपूरच्या डोंगरातल्या कुडपण गावची कर्ती माणसं मुंबईला जातात. भिकू चिकणे महाडला उतरला आणि तिथेच थांबला, त्यामुळे गावात तो जरा आळशी समजला जाई. महाडच्या बाजारपेठेतल्या एका छापखान्यात, गोमाजी नावाच्या मशीनमनच्या हाताखाली, तो धंदा शिकला. म्हणजे पहिलं वर्ष कात्रणं झाडली, मग रोलर धुतले. कोऱ्या कागदाला हात लावायची परवानगी मिळाली तोवर त्याचं लग्न होऊन गेलं होतं. गोमाजी समजावून काहीच सांगत नसे. संध्याकाळी मात्र एक वाक्य ठरलेलं होतं: "मशीन मळकं ठेवून घरी गेलास, तर सकाळी येऊ नको."

भिकूने ते कधी मळकं ठेवलं नाही. पुरात मशीन बुडालं तेव्हा त्यानेच रॉकेलने धुऊन ते परत चालवलं. त्याबद्दल त्याचा सत्कार करायचं ठरलं होतं. ठरलं होतं, एवढंच.

पुढे लग्नपत्रिका मोबाइलवर गेल्या. उरलेल्या गिऱ्हाइकांना पन्नासच प्रती हव्या असत, त्याही चहा संपायच्या आत. मालकाचा मुलगा प्रवीण याने जुनं मशीन भंगारात काढलं आणि डिजिटल आणलं. कपाटाएवढं, पांढरं. ना प्लेट, ना पाणी, ना धुवायचे रोलर.

"भिकूकाका, कंपनीचं ट्रेनिंग पास झालात तर मशीन तुमचंच," प्रवीण म्हणाला.

"आन् नाय झालो तर?"

"बघू."

महाडात 'बघू'चा अर्थ सगळ्यांना कळतो. भिकूला दुसरं काही येत नव्हतं, आणि त्याच्या वयाच्या माणसाला नव्याने ठेवून घेईल असं बाजारपेठेत कोणी नव्हतं. गावी बायकोने, सारिकाने, मात्र कुडपणभर सांगून टाकलं होतं की आमचे हे आता कंप्युटरवर बसणार.

शिकवायला पुण्याहून कंपनीच्या उज्ज्वला मॅडम आल्या.

"काका, यात शिकण्यासारखं काही नाही. फाइल निवडायची, प्रिंट दाबायचं. अडलं तर स्क्रीन सांगेल."

"आन् धुवायचं कधी?"

"धुवायचं नाही. हात कशालाच लावायचा नाही, हेच ट्रेनिंग समजा!" त्या हसल्या. भिकूही हसला. मॅडम गमतीच्या आहेत, असं त्याचं मत झालं.

मॅडम परत गेल्या. शनिवारी एका पतसंस्थेचा अहवाल छापायचा आणि त्याची पानं पाहून कंपनी पास की नापास ते सांगणार, असं ठरलं. शुक्रवारी भिकूने नमुना काढला. पान असं सुरेख आलं की त्याला भीतीच वाटली. उद्या एक डाग पडला तर संपलं. प्रवीण चहाला गेला होता. भिकूने मशीनचं दार उघडलं. आत ज्याच्यावर अक्षर उमटतं तो चकचकीत ड्रम होता आणि त्याला काळी भुकटी लागलेली होती. त्याने रॉकेलचं फडकं घेतलं आणि ड्रम मन लावून पुसला. मग हात धुऊन, निश्चिंत मनाने, खोलीवर गेला.

शनिवारी अहवालाच्या प्रत्येक पानावर राखाडी पट्टे आले. अध्यक्षांच्या फोटोवरून तर दोन गेले.

प्रवीणने मॅडमना व्हिडिओ कॉलवर घेतलं. "काका, आतमध्ये काही लावलं का?"

"रॉकेल. चांगलं होतं, भेसळीचं नाय."

 मॅडम प्रवीणशी इंग्रजीत बोलल्या. भिकूला त्यातलं 'रिप्लेस' कळलं. ड्रमबद्दल की त्याच्याबद्दल, हे कळलं नाही. दोघांबद्दल होतं.

"काका, तुम्ही आता घरी जा," प्रवीण म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"शेठ, मला परत पयल्यापासून घ्या. शिकाऊ म्हणून. कात्रण झाडीन."

"कात्रण कुठे होतंय आता, काका?"

"मग रोलर..." भिकू म्हणाला आणि थांबला. त्याने खोलीभर पाहिलं. फरशी पुसलेली होती. शाईचा डबा नव्हता, चिंध्यांची टोपली नव्हती. जिथून तो चढत आला होता ती खालची पायरीच कुणीतरी काढून नेली होती, आणि तिच्या जागी फरशी अगदी स्वच्छ होती.

"मी हात नाय लावणार. खरंच नाय लावणार, शेठ. नुसता उभा राहीन."

प्रवीणने फोनमध्ये पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणूनच त्याला वर बघवेना.

एसटी डेपोत घराकडची, पोलादपूरची गाडी लागलेली होती. सारिकाचा फोन आला.

"काय वो, झालात ना पास? बायका इचारतायत."

"शिकवणं चालू हाय गो अजून. लय मोठं मशीन हाय."

"मग आज येत नाय?"

"आज कसा येऊ? सोडत नायत."

गाडी भरून निघून गेली. भिकू बाकावर बसून राहिला. नंतर त्याने खिशातल्या फडक्याने बाकाची आपल्या शेजारची जागा पुसली.